विलंबिताच्याही पलीकडे: ओळखीचे संगीत ताणून ऐकताना

लुडविग फान बीथोव्हन यांची नववी सिंफनी नेहमीच्या ध्वनिमुद्रणांत ६५ ते ७५ मिनिटांत पूर्ण होते. नॉर्वेचे कलावंत लाइफ इंगे यांनी २००२ साली तीच सिंफनी २४ तासांची केली. त्यासाठी त्यांनी वाद्यवृंद बोलावला नाही, मूळ रचनेतला एकही स्वर बदलला नाही, नवे काही मिसळलेही नाही. बेला द्राहोश यांनी संचालित केलेले, बाजारात सहज मिळणारे एक ध्वनिमुद्रण त्यांनी घेतले आणि स्वरांची उंची होती तिथेच ठेवून काळ तेवढा सुमारे वीसपट ताणला. ‘नाइन बीट स्ट्रेच’ या नावाने ओळखली जाणारी ही कृती ऐकायला बसल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो की यात इंगे यांचे काय आणि बीथोव्हन यांचे काय. गेली काही वर्षे मी स्वतः जुन्या, ओळखीच्या ध्वनिमुद्रणांवर अशा प्रकारचे काम करत आले आहे, आणि या प्रश्नाचे माझे उत्तर हळूहळू पक्के होत गेले आहे. अशा कृतीचा अर्धा भाग यंत्रात घडतो आणि उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या आठवणीत. कलावंताचे खरे काम या दोहोंमधले अंतर किती ठेवायचे, हे ठरवण्याचे असते.

हे स्पष्ट करण्यासाठी त्या सिंफनीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाकडे पाहावे लागेल. बीथोव्हन यांनी आरंभी फक्त ए आणि ई हे दोन स्वर ठेवले आहेत. हॉर्न ते धरून ठेवतात, तंतुवाद्ये त्यांचे मंद कंपन करत राहतात आणि व्हायोलिनमधून त्याच दोन स्वरांचे तुकडे खाली उतरत येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हे षड्ज-पंचमाचे नाते आहे. गंधार नाही, कोमलही नाही आणि शुद्धही नाही, त्यामुळे हे संगीत कोणत्या वळणाने जाणार हे कळत नाही. मूळ सिंफनीत ही संदिग्धता जेमतेम अर्धा मिनिट टिकते आणि सतराव्या मापाला (म्हणजे तालाच्या सतराव्या छोट्या खंडाला) सगळा वाद्यवृंद डी मायनरच्या मुख्य विषयासह कोसळतो. वीसपट ताणल्यावर तो अर्धा मिनिट सात ते दहा मिनिटांचा होतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला त्या दहा मिनिटांत मैफल सुरू होण्यापूर्वी जुळलेले स्वर भरून राहिल्याचा अनुभव येतो, आणि त्यात मला काहीच ओढूनताणून जोडलेले वाटत नाही, कारण स्वरांचे नाते खरोखरच तेच आहे.

मात्र ज्याने नववी सिंफनी कधी ऐकलेली नाही, त्याच्यासाठी ती दहा मिनिटे म्हणजे सुंदर, स्थिर नाद आहेत, त्यापलीकडे काही नाही. ज्याने ती ऐकलेली आहे, त्याला पुढे काय येणार हे ठाऊक असते. सतरावे माप कोठेतरी समोर आहे, ते येणारच आहे आणि अजून आलेले नाही, या जाणिवेने त्या स्थिर नादात ताण निर्माण होतो. हा ताण ध्वनीत नसतो. तो श्रोता आपल्याबरोबर घेऊन येतो. चौथ्या भागात येणारी आनंदगीताची चाल हे याचे आणखी ठळक उदाहरण आहे. चेलो आणि डबल बास ती प्रथम वाजवतात तेव्हा तिला साधारण पाऊण मिनिट लागते. ताणलेल्या रूपात तीच चाल पंधरा मिनिटांच्या आसपास चालते आणि प्रत्येक स्वर कित्येक सेकंद उभा राहतो. चाल म्हणून ती आता कानाला ऐकू येत नाही, कारण एका स्वराचा दुसऱ्याशी संबंध जोडण्याइतका काळ मनात धरून ठेवणे अवघड जाते. तरीही शेजारच्या स्वरावर पाऊल पडले की ओळख पटते. हे काम ओळखीच्याच संगीतावर का करायचे, कोणतेही अनोळखी ध्वनिमुद्रण का चालत नाही, याचे कारण माझ्या मते इथे आहे.

ध्वनी संथ करण्याचे दोन मूलतः वेगळे मार्ग आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. पहिला मार्ग जुना आणि सरळ: तबकडी किंवा टेप कमी वेगाने फिरवायची. वेग कमी झाला की स्वरही खाली येतो. अर्ध्या वेगाला संपूर्ण सप्तक खाली जाते, म्हणजे मध्य षड्जाचा मंद्र षड्ज होतो. मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी ३३⅓ फेऱ्यांवर लावली तर षड्ज मंद्र पंचमाच्याही किंचित खाली उतरतो. त्याबरोबर आवाजाचा पोतही बदलतो, कारण गाणाऱ्याच्या कंठाची आणि मुखाची जी नैसर्गिक अनुनादस्थाने असतात, तीही त्याच प्रमाणात खाली सरकतात. ऐकणाऱ्याला गायकाचे शरीरच मोठे झाल्यासारखे वाटते. कॅनडाचे जॉन ऑस्वाल्ड यांनी गायिका डॉली पार्टन यांच्या एका गाण्याचा वेग क्रमाक्रमाने कमी करत नेला, तेव्हा पार्टन यांचा उंच, चमकदार आवाज हळूहळू एका भारदस्त पुरुषी आवाजात बदलला. केवळ वेगाच्या बदलातून एक संपूर्ण नवे पात्र उभे राहिले होते. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९९०च्या दशकात डीजे स्क्रू यांनी हिप-हॉपच्या तबकड्या संथ करून, एकाच गाण्याच्या दोन प्रती थोड्या मागेपुढे लावून जे कॅसेटमिश्रण रूढ केले, त्याचा पायाही हाच होता. त्यांचे २००० साली तरुण वयातच निधन झाले, पण त्या शहराच्या संगीताला त्यांनी दिलेली जड, सावकाश चाल पुढे जगभर पसरली.

दुसरा मार्ग काळ आणि स्वर यांना एकमेकांपासून सोडवण्याचा आहे. होलोग्राफीसाठी पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले डेनिस गाबोर यांनी १९४०च्या दशकात ध्वनीकडे सूक्ष्म कणांचा समूह म्हणून पाहण्याची कल्पना मांडली. १९६६ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी ‘फेज व्होकोडर’ या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा मूळ हेतू दूरध्वनीवरील बोलण्याशी निगडित होता, परंतु ध्वनीचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात कोणकोणत्या कंपनसंख्या किती प्रमाणात आहेत हे मोजायचे आणि मग ते तुकडे अधिक अंतरावर मांडून ध्वनी पुन्हा रचायचा, हा विचार संगीतासाठी फार मोलाचा ठरला. आज घरोघरी वापरले जाणारे ‘पॉलस्ट्रेच’ हे रोमानियाच्या पॉल नास्का यांचे विनामूल्य साधन याच विचाराचे एक टोकाचे रूप आहे. ते ध्वनीचे एकमेकांवर चढणारे तुकडे घेते, प्रत्येक तुकड्यातील कंपनांचे परिमाण जसेच्या तसे ठेवते आणि त्यांची परस्परांशी असलेली कालिक मांडणी, म्हणजे फेज, मुद्दाम विस्कटून टाकते. या विस्कटण्यामुळे आघात नाहीसे होतात. तबल्याची थाप, गिटारची टिचकी किंवा शब्दातील ‘क’ आणि ‘ट’ यांची कड उरत नाही; त्यांच्या जागी हळूहळू उगवणारा आणि विरणारा नाद येतो. ‘ऑडॅसिटी’ या सर्वपरिचित सॉफ्टवेअरमध्ये हीच सोय आहे. तिथे सुरुवातीला दहापट ताण आणि पाव सेकंदाची खिडकी (म्हणजे एका वेळी घेतल्या जाणाऱ्या तुकड्याची लांबी) ही मूल्ये दिलेली असतात, आणि इंटरनेटवर आढळणारे बहुतेक ताणलेले संगीत सारखेच का ऐकू येते, याचे एक कारण ही न बदललेली मूल्ये आहेत असे मला वाटते.

२०१० साली जस्टिन बीबर यांचे एक गाजलेले गाणे शमँटिस या टोपणनावाच्या कलावंताने याच साधनाने ताणून अर्ध्या तासाहून अधिक लांबीचे केले आणि ते लाखो लोकांनी ऐकले. त्या गाण्याला नाक मुरडणाऱ्यांनाही त्यात एखाद्या चर्चमधील समूहगायनाची गंभीरता जाणवली. तेव्हा अनेकांनी असा निष्कर्ष काढला की कोणतेही संगीत पुरेसे ताणले की ते उदात्त होते. हा निष्कर्ष मला मान्य नाही. आघात काढून टाकले आणि अनुनाद वाढवला की कशालाही गांभीर्याचा मुलामा चढतो, हे खरे आहे; परंतु तो परिणाम साधनाचा असतो आणि म्हणूनच पहिल्या काही मिनिटांनंतर त्यात ऐकण्यासारखे काही उरते का, हे तपासावे लागते. उरत असेल तर ते मूळ रचनेच्या रेषांमुळे उरते.

यंत्राशिवायही हे काम किती सूक्ष्मपणे करता येते, याचा माझ्या दृष्टीने सर्वोत्तम पुरावा इंग्लंडचे संगीतकार ब्रायन ईनो यांच्या १९७५च्या ‘डिस्क्रीट म्युझिक’ या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आहे. तिथे जुने जर्मन संगीतकार योहान पाखेलबेल यांच्या कॅननवर आधारित तीन रचना आहेत आणि त्या गॅव्हिन ब्रायर्स यांच्या संचालनाखाली प्रत्यक्ष वादकांनी वाजवलेल्या आहेत. पाखेलबेल यांच्या मूळ कृतीत आठ खर्जस्वरांची एक ओळ २८ वेळा येते आणि तिच्यावर तीन व्हायोलिन एकच चाल एकामागोमाग वाजवतात. ईनो यांनी वादकांना स्वरलिपीतील छोटे तुकडे दिले आणि ते कसे वाजवायचे याचे नियम दिले. एका रचनेत प्रत्येक वादकाने आपली लय सतत कमी करत जायची, आणि ती किती झपाट्याने कमी व्हावी हे त्याच्या वाद्याच्या स्वरोच्चतेवर अवलंबून ठेवले: वाद्य जितके खर्जाचे, तितके ते संथ. परिणामी आरंभी सर्व जण एकत्र असतात आणि मग कोणीही चुकत नसताना सर्व जण एकमेकांपासून दूर होत जातात. परिचित सुरावट उलगडत जाते, तिचे धागे वेगवेगळ्या वेगांनी सुटतात आणि कधीकधी दोन धागे अनपेक्षित ठिकाणी एकत्र येऊन मूळ रचनेत नसलेला स्वरसंवाद निर्माण करतात. येथे संथपणा वरून लादलेला नाही. तो रचनेच्या आतून येतो, आणि म्हणून मी ही कृती इंगे यांच्या कृतीपेक्षाही वरची मानते.

या कॅननबाबत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तो कॅनन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी फारसा कोणाला माहीत नव्हता. फ्रेंच संचालक जाँ-फ्राँस्वा पेयार यांनी १९६८च्या सुमारास त्याचे जे अतिशय संथ आणि भरजरी ध्वनिमुद्रण केले, त्यातून तो जगभर पोहोचला. जुन्या वाद्यांवर आणि जुन्या पद्धतीने वाजवणारे आजचे वादक तो त्याहून बराच जलद वाजवतात. म्हणजे ईनो यांनी जी ओळखीची गोष्ट संथ केली, तिची ओळखच मुळात एका संथ केलेल्या रूपाने झालेली होती.

आता माझ्या कामाविषयी. मी प्रामुख्याने ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील गायन घेते, आणि त्यातही किराणा घराण्याचे, मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँसाहेब यांची ध्वनिमुद्रणे मला या कामासाठी विलक्षण वाटतात. त्यांनी ‘मानापमान’ नाटकातील ‘चंद्रिका ही जणू’ हे पद गायले आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे शब्द आणि गोविंदराव टेंबे यांची चाल असलेले हे पद मराठी घरांतून गेली शंभर वर्षे ऐकले, गुणगुणले आणि शिकवले जात आहे, त्यामुळे त्याच्या ओळखीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तबकडीच्या एका बाजूची ती तीन-साडेतीन मिनिटे आठपट ताणली की अर्ध्या तासाच्या जवळ जाणारी कृती तयार होते. शब्द जातात. तबला जातो, किंवा अधिक अचूक सांगायचे तर तो आवाजाखालून जाणाऱ्या संथ लाटांच्या रूपात उरतो. तबकडीची खरखर पागोळ्यांसारखी एकसारखी गळत राहते. आणि खाँसाहेबांचा सूर राहतो.

इथे पाश्चात्त्य वाद्यवृंद ताणणे आणि आपले गायन ताणणे यांतील मोठा फरक समोर येतो. सिंफनीतील स्वर पायऱ्यांसारखे मांडलेले असतात; ताणल्यावर प्रत्येक पायरी रुंद होते आणि पायरीच्या कडेला शेजारचे दोन स्वर एकमेकांत मिसळून दाट पुंजका तयार होतो. खाँसाहेबांच्या गायनात मात्र स्वर जागेवर थांबलेला क्वचितच असतो. तो मींडेने, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत, येतो, आंदोलत राहतो, कणस्वराला स्पर्श करून परततो. मूळ वेगात अर्ध्या सेकंदात होऊन जाणारी मींड वीसपट ताणली की दहा सेकंद चालते आणि ती एका स्वरावरून दुसऱ्यावर कोणत्या मार्गाने गेली, कोठे रेंगाळली, कोठे घाईने सरकली हे सगळे ऐकू येते. मुरकीतील, म्हणजे झटकन घेतलेल्या स्वरगुच्छातील, ज्या स्वरांना कान केवळ एक झळाळी म्हणून ग्रहण करतो, ते स्वतंत्र स्वर म्हणून समोर येतात आणि त्या वेगातही ते किती नेमके लागलेले होते हे कळून मन नम्र होते. गायन शिकणाऱ्यांनी केवळ अभ्यास म्हणूनसुद्धा हे ऐकून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

परंतु हे सहज साधत नाही. पाव सेकंदाची खिडकी ठेवली तर त्या पाव सेकंदात मींडेने ओलांडलेले सर्व स्वर एकाच वेळी वाजतात आणि मार्ग पुसला जातो. खिडकी लहान करून दशांश सेकंदाच्या आसपास आणली तर मार्ग दिसू लागतो, पण मग खर्जाचे स्वर खडबडीत होतात, कारण इतक्या छोट्या तुकड्यात खालच्या कंपनसंख्या एकमेकींपासून नीट वेगळ्या ओळखता येत नाहीत. वेळेतील नेमकेपणा आणि स्वरातील नेमकेपणा एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाही. गाबोर यांच्या विचाराच्या मुळाशी असलेले हे बंधन कोणत्याही सॉफ्टवेअरला चुकवता येत नाही. म्हणून मी ध्वनिमुद्रणाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करते, खालच्या भागाला मोठी आणि वरच्या भागाला लहान खिडकी देते आणि नंतर ते एकत्र करते. मींडेचा मार्ग जिथे महत्त्वाचा आहे तिथे ताण कमी ठेवते आणि जिथे खाँसाहेब षड्जावर स्थिर होतात तिथे तो वाढवते. संपूर्ण पद एकाच गुणकाने ताणले की ते सपाट होते.

हे काम म्हणजे विलंबित, म्हणजे संथ लयीत गायल्या जाणाऱ्या, ख्यालाचेच पुढचे पाऊल आहे, असे काही संगीतप्रेमी मला सांगतात. मला हे साम्य वरवरचे वाटते. अमीर खाँसाहेब चौदा मात्रांच्या झूमरा तालात अतिविलंबित लयीत गात, तेव्हा एका आवर्तनाला मिनिटभराच्या जवळपास वेळ लागे. पण त्या मिनिटातील प्रत्येक क्षण गायक स्वतः भरत असे. मात्रा दूर जात, तशी दोन मात्रांमधली जागा त्यांच्या विचाराला मिळे आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, परतण्याची जबाबदारी कायम राही. ताणलेल्या ध्वनिमुद्रणात मोकळी जागाच निर्माण होत नाही. जे आधीच भरलेले होते तेच पसरते. तिथे समही नसते, फक्त पूर्वी ऐकलेल्या समेची आठवण असते. विलंबित ख्यालात श्रोता गायकाच्या विचारामागून जातो. येथे तो स्वतःच्या आठवणीमागून जातो. दोन्हींची थोरवी सारखी नाही, आणि मी करते ते काम पहिल्याच्या पंक्तीला बसवण्याची माझी इच्छा नाही.

आठवणीचाच विषय घेऊन सर्वांत दूरवर गेलेली कृती म्हणजे इंग्लंडचे लेलँड कर्बी यांनी ‘द केअरटेकर’ या नावाने २०१६ ते २०१९ या काळात सहा टप्प्यांत प्रकाशित केलेली, साडेसहा तासांच्या आसपासची मालिका. १९२०-३०च्या दशकांतील नृत्यगृहांचे संगीत त्यांनी घेतले आणि स्मृतिभ्रंशाच्या वाढत जाणाऱ्या अवस्थांप्रमाणे ते टप्प्याटप्प्याने मोडत नेले. पहिल्या टप्प्यात ओळखता येणाऱ्या सुरावटी नंतरच्या टप्प्यांत अर्धवट, चुकीच्या जागी आणि गढूळ होऊन परततात, आणि श्रोत्याला आपण त्या ओळखू शकत नाही याची अस्वस्थता जाणवते. विल्यम बसिन्स्की यांच्या, २००१ साली जुन्या टेपा संगणकावर उतरवताना त्यांवरील चुंबकीय थर झडत गेल्यामुळे घडलेल्या कृतींनाही लोक याच संदर्भात मान देतात. त्या मला आवडतात, परंतु त्यांचे मूळ ध्वनी श्रोत्याच्या ओळखीचे नाहीत आणि त्यामुळे तिथे आपण एका वस्तूचा क्षय ऐकतो. कर्बी यांच्या कृतीत आपल्या ओळखण्याच्या शक्तीचा क्षय ऐकू येतो, आणि तो अधिक खोलवर जातो.

अलीकडे हिंदी चित्रपटगीतांची ‘स्लोड अँड रिव्हर्ब’ आणि ‘लोफाय’ रूपे विपुल प्रमाणात निघतात. ध्वनिमुद्रण कंपन्याही ती अधिकृतपणे प्रकाशित करू लागल्या आहेत. रात्री उशिरा अभ्यास करणाऱ्या किंवा प्रवासात असलेल्या तरुणांना त्यांतून मिळणारा विसावा खरा आहे. तरीही वेग थोडासाच कमी करून वर घुमारा चढवल्याने गाण्याची मनःस्थिती बदलते, गाणे बदलत नाही. शब्द स्पष्ट कळतात, चाल शाबूत असते आणि आठवणीला काही करावेच लागत नाही. मला रस आहे तो त्याच्या पुढच्या पट्ट्यात, जिथे शब्द गेलेले आहेत, चाल जाण्याच्या बेतात आहे आणि राग अजून ओळखता येतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पदासाठी हा पट्टा माझ्या कानाला सहापट ते बारापट यांच्या दरम्यान सापडतो. द्रुत चालीच्या पदासाठी तो आणखी वर जातो. त्याच्याही पलीकडे, शंभरपटीला, कोणतेही ध्वनिमुद्रण केवळ रंग होऊन जाते आणि मग ते खाँसाहेबांचे आहे की आणखी कोणाचे, याला अर्थ राहत नाही.

हे काम करू इच्छिणाऱ्यांना कायद्याची माहिती असायला हवी. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो, तर शब्द आणि संगीत यांवरील हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. दोन्ही अटी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. तबकडी जुनी आहे म्हणून चाल मुक्त झाली असे होत नाही. खाँसाहेबांचे निधन १९३७ साली, खाडिलकरांचे १९४८ साली आणि टेंबे यांचे १९५५ साली झाले, त्यामुळे मी निवडलेल्या पदाबाबत तिन्ही बाजूंनी मार्ग मोकळा आहे. हक्क संपला तरी ऋण संपत नाही, म्हणून प्रत्येक कृतीच्या शीर्षकात मी मूळ गायकाचे नाव प्रथम लिहिते, त्यानंतर गीतकार आणि संगीतकार यांची नावे, आणि खाली ताणाचा गुणक व खिडकीची लांबी नमूद करते. ती मूल्ये घेऊन कोणीही मूळ ध्वनिमुद्रणावर हेच काम करून पाहू शकते, माझा निर्णय कोठे पटत नाही ते ठरवू शकते आणि त्याहून चांगले करू शकते. मूळ ध्वनिमुद्रण माझ्या कृतीच्या आधी ऐकावे, ही विनंती मी तिथेच पहिल्या ओळीत करते.